देवळाचा चुना मी दळला

मित्रांनो, शाळा सुटली की चिंचेखालच्या ज्या काळ्या गोल दगडावर तुम्ही पाय लोंबकळत बसता, तो मी. तुमच्यातले काही जण मला जातं म्हणतात. पण माझ्यावर कुणी कधी भाकरीचं पीठ दळलेलं नाही. मी चुन्याच्या घाण्याचा एक जुना दगड आहे. अजून सिमेंटच्या गोण्या आपल्या भागात फारशा पोचलेल्या नाहीत. पण त्या आल्या म्हणजे घाणा काय असतो हे सांगायलाही कुणी उरणार नाही. म्हणून आजच सांगून ठेवतो.

जमिनीत एक गोल दगडी चर असे. मधोमध लाकडी खुंट. खुंटाला आडवा दांडा. त्या दांड्यात मला ओवलेलं असे आणि पुढे बैल जुंपलेला असे. बैल गोल फिरे, त्याच्यामागून मी चरातून लोळत जाई, आणि माझ्याखाली चुना, वाळू आणि विटांची भुकटी रगडली जाई. दुपारपर्यंत त्या चुन्याला लोण्यासारखा मऊपणा येई. त्या चुन्यानं दगडाला दगड जोडत. जोडलेला दगड मग पहारीनंही निघत नसे.

माझा जन्म आपल्या हिरेवाडीच्या ओढ्यापलीकडच्या खाणीतला. सोमलिंग नावाच्या पाथरवटानं मला कातळातून सोडवलं. एकवीस दिवस तो माझ्याशी झगडत होता. मधलं भोक पाडून झालं तेव्हा त्यानं छिन्नी उलटी धरून मला एक टोला दिला, माझ्या अंगाला कान लावला आणि हसला. “बोलतोय,” म्हणाला. चांगला दगड वाजतो, आतून फुटका दगड मुका असतो. मी बोलका निघालो याचा त्याला आनंद झाला, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत.

तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. मुलूख निजामाचा. लोक तरवडाचा पाला उकडून खात होते. त्या वर्षी एक दाढीवाले गोरे फादर उमरग्याच्या वाटेनं इथं आले. त्यांनी लोकांना काम मिळावं म्हणून देऊळ बांधायला काढलं. दिवसभराच्या कामाला शेरभर ज्वारी. शहरातली माणसं त्याला चर्च म्हणतात. हिरेवाडी मात्र पहिल्या दिवसापासून देऊळच म्हणत आली. सगळ्या जातीची उपाशी माणसं त्या कामावर आली. चुन्याचा उस्ताद होता मुनवरमियाँ. डोक्यावरून चुन्याची घमेली वाहणाऱ्या बायांमध्ये एक बाई होती. तिच्या मागं तिची दहा वर्षांची मुलगी पाण्याची कळशी घेऊन चाले. ती बाई देऊळ पुरं होण्याआधीच तापानं गेली. देवळामागच्या दफनभूमीतली पहिली कबर तिचीच. मुलगी फादरांनी सांभाळली. पुढे तिचा बाप्तिस्मा झाला, मरिया असं नाव ठेवलं. पण गाव तिला तिच्या आईनं ठेवलेल्या नावानंच हाक मारत राहिलं. तीच ही धुरपदाबाई.

दोन वर्षांत देऊळ उभं राहिलं. काळ्या दगडाच्या भिंती, तीन कमानी, सागाचे वासे, वर कौलं. दारावर एक संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर फादरांचं नाव होतं. माझं नाव पाटीवर नाही याचं मला वाईट वाटलं नाही. मुनवरमियाँचं नाव नव्हतं, याचं थोडं वाटलं.

त्यानंतर माझं काम संपलं. दांडा कुणीतरी नेला, खुंट वाळवीनं खाल्ला, चर मातीनं भरला. मला लोटत लोटत फाटकाजवळ या चिंचेखाली आणून टाकलं. पंचेचाळीस वर्षं मी इथं पडून होतो. शेळ्या माझ्यावर उभ्या राहून चिंचेचा पाला ओढत. लग्नाच्या पंगतीतले आचारी माझ्यावर सुऱ्या घासत. मला वाटे, देऊळ उभं आहे ना, मग मी पडून राहिलो तरी बिघडलं काय?

पण देऊळही म्हातारं होत होतं. एकोणीसशे चव्वेचाळीस सालच्या पावसात उत्तरेकडची भिंत ओली राहायला लागली. मधल्या कमानीला भेग पडली, आणि ती भेग एवढी रुंदावली की तिच्यात चिमण्यांनी घरटं केलं. छपराचे वासे कुजले. आदितवारी मिस्साच्या, म्हणजे मोठ्या प्रार्थनेच्या, वेळी बाया पदर डोक्यावर घेत, ते भक्तीनं की गळक्या पाण्यासाठी, हे सांगणं अवघड झालं होतं.

तेव्हा इथं फादर सिल्वेरा होते. मूळचे गोव्याचे, उंच, वाकलेले, पुस्तकी मराठी बोलणारे. आपल्या धर्मग्रामात बारा गावं, आणि ते तट्टावर बसून बाराही गावं फिरत. दुरुस्तीसाठी त्यांनी वर मोठ्या फादरांना पत्रं लिहिली. उत्तर आलं की लढाईचे दिवस आहेत, पैसा नाही, देऊळ बंद करून शाळेच्या पत्र्याखाली प्रार्थना घ्या. एका आदितवारी त्यांनी हे लोकांना माझ्यासमोरच, फाटकाजवळ उभं राहून सांगितलं.

धुरपदाबाई तेव्हा पंचावन्न-छप्पन्न वर्षांची होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या रानात निंदायला जाऊन पोट भरणारी. ती पुढं आली.

“फादर, देऊळ बंद म्हंजी काय? आमी मेल्यावर आमाला कुठनं उचलायचं? पत्र्याखालनं?”

“बाई, माझ्यापाशी मार्ग नाही,” फादर म्हणाले.

“मंग म्या बघती मार्ग.”

आणि ती तशीच अनवाणी शेजारच्या गावाला गेली. मुनवरमियाँचा मुलगा पाशामियाँ तिथं राहत होता. बापाची कला त्याच्या हातात उतरली होती. या भागात विहीर बांधायची म्हटली की पाशामियाँचाच चुना. संध्याकाळच्या आत ती त्याला घेऊन आली. तो बारीक चणीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्यानं भेगेत हात घातला, बोटानं चुना उकरून जिभेवर ठेवला, भिंतीला कान लावला.

“अक्का,” तो म्हणाला, “भिंत मेली न्हाय. बीमार हाय. हा माझ्या बापाचा चुना, तो असा मरत नसतो.”

“किती दीस लागतील?”

“दोन उन्हाळे. पण घाई नक्को. चुना भिजवून म्हैनाभर झाकून ठेवल्याबिगर म्या हात लावत न्हाय. आन् छपराला साग लागंल. त्यो महाग हाय.”

“तुजी मजुरी?”

पाशामियाँनं बोटाला लागलेला चुना झटकला. मग म्हणाला, “पोटाला जवारी द्या. बाकीचं बापाकडनं आलंय समजा.”

मित्रांनो, त्या दिवसापासून मूठ सुरू झाली. प्रत्येक घरी एक गाडगं ठेवलं गेलं. सकाळी ज्वारी दळायला घेताना बाईनं त्यातली एक मूठ त्या गाडग्यात टाकायची आणि आदितवारी देवळात आणून ओतायची. पहिल्या आदितवारी अकरा गाडगी आली. काही गाडग्यांत तळ दिसत होता. एका बाईनं रिकाम्या हातानं येऊन फरशी झाडून दिली. “माज्या घरात मूठ न्हाय, पर हात हायती,” ती म्हणाली. धुरपदाबाईनं तिला सगळ्यांच्या पुढं बसवलं.

बाराही गावं धुरपदाबाई पायी फिरली. खांद्यावर झोळी, हातात काठी. प्रार्थना शिकवणारे शांतवन मास्तर तिच्याबरोबर टाळ घेऊन जात आणि मरियामातेचं भजन म्हणत. ती फक्त ख्रिस्ती घरांतच गेली असं नाही. आपल्या गावचे वीरप्पा म्हणजे शेंगतेलाचे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, घरात रोज इष्टलिंगाची पूजा. ते आपल्या ओट्यावरून हसून म्हणाले, “बाई, मूठभर जवारीनं कुठं देऊळ उभं राहतंय व्हय?”

“अण्णा, पोट तरी काय पोत्यानं भरतंय? मुठीमुठीनंच भरतंय की.”

वीरप्पांची बायको इरम्मा आतून ऐकत होती. ती सूप घेऊन बाहेर आली आणि तिनं झोळीत दोन मुठी टाकल्या. “एक माझी,” ती म्हणाली, “एक ह्यांच्या तोंडाची.” वीरप्पा ओशाळले. पुढं चुन्यात घालायला गूळ त्यांनी दिला आणि घाण्याला बैलही त्यांनीच दिला.

अडीच वर्षं मूठ चालली. त्यात एक वर्ष पावसानं दगा दिला, तरी गाडगी येत राहिली. सत्तेचाळीस सालच्या दिवाळीनंतर पाशामियाँ माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या अंगावरचं शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासलं, भोकातली माती काढली, तेल लावलं. नवा खुंट रोवला, चर उकरला. आणि मी परत फिरलो.

तो आनंद मी कसा सांगू? पंचेचाळीस वर्षं निजलेल्या माणसाला कुणी नावानं हाक मारून उठवावं, तसं झालं. पहिल्या फेरीला मी इतका करकरलो की बैल बिचकला. पाशामियाँनं माझ्यावर थाप मारली. “आहिस्ता, चाचा, आहिस्ता,” म्हणाला. त्याची बायको अजीजाबी घरी हिरडे उकळून त्यांचं तुरट पाणी घागरीतून आणी. ते पाणी आणि गुळाचं पाणी किती आणि कधी घालायचं, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. अजीजाबी बोटावर चुना घेऊन उलटा धरी. तो पडला नाही तर पाशामियाँ म्हणे, “हौ. आता लावा.”

त्या उन्हाळ्याअखेर उत्तरेची भिंत कोरडी झाली. कमानीची भेग शिवली गेली. चिमण्यांचं घरटं पाशामियाँनं पिलं उडून जाईपर्यंत तसंच ठेवलं होतं. काम त्या एका जागेसाठी वीस दिवस थांबलं आणि कुणी कुरकुरलं नाही. छपराचं काम तेवढं राहिलं. मुठीची ज्वारी देवळात पाच कणग्या भरून ठेवली होती. पावसाळा संपला की ती विकून साग आणायचं ठरलं होतं. छपराच्या वेळी भिंतींचे माथे नव्यानं बांधावे लागणार, म्हणून पाशामियाँनं चुन्याचा एक मोठा खड्डा भिजवून, वर वाळू पसरून, पाण्याखाली ठेवला. “हा जितका जुना, तितका चांगला,” तो धुरपदाबाईला म्हणाला. “ह्याला हात लावू नका. म्या येतो दिवाळीला.” मग त्यानं मला दांड्यातून काढून परत फाटकाजवळ चिंचेखाली आडवं ठेवलं.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला दगड असूनही जड जातं.

अठ्ठेचाळीस साल वाईट उजाडलं होतं. निजामाचं राज्य राहणार की जाणार, याच्यावरून मुलूख पेटला होता. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. आषाढात वीरप्पांचे धाकटे भाऊ शरणबसप्पा ज्या गावी राहत, तिथं एका टोळीनं घरं जाळली. भर दुपारी त्या गावची तीसेक माणसं ओढ्यातून चिखल तुडवत आली आणि फाटकाजवळ बसली. शरणबसप्पांच्या अंगावर एकच धोतर होतं आणि पाठीवर दोन वर्षांचं पोर. वीरप्पांच्या घरात माणसं मावेनात. फादरांनी देवळाची दारं उघडली.

संध्याकाळी कणग्यांपाशी तिघं उभी होती. फादर, शांतवन मास्तर आणि धुरपदाबाई.

मास्तर म्हणाले, “हे धान्य लोकांनी छपरासाठी दिलंय. आपण ते दुसरीकडं वापरलं तर लोक काय म्हणतील?”

“मास्तर,” धुरपदाबाई म्हणाली, “छपराखाली माणसं बसल्यात. त्यास्नी काय कौलं खायाला घालायची?”

फादरांनी पहिल्या कणगीचं शेण लिंपलेलं झाकण फोडलं. त्या दिवसात पाशामियाँ रोज येऊन आसऱ्याच्या माणसांसाठी चुली बांधून देत होता. काही जण त्याच्याकडं संशयानं बघत. तो मान खाली घालून चूल लिंपी आणि निघून जाई. एकदा शरणबसप्पांनी त्याला हाक मारली आणि आपल्या भाकरीतली अर्धी पुढं केली. तो माझ्यावर बसून ती खाताना रडला.

भाद्रपदात सोलापूरच्या बाजूनं हिंदुस्थानची फौज आली. आकाशात विमानं घरघरली. पाच दिवसांत निजामाची सत्ता गेली. लोकांनी गुलाल उधळला, आसऱ्याची माणसं आपापल्या गावी परतली, आणि मला वाटलं, संपलं. पण मित्रांनो, ते संपलं नव्हतं. आता दुसऱ्या माणसांची पाळी आली. ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं, त्यांच्यावर सूड निघायला लागला.

एका सकाळी अजीजाबी तीन मुलांना घेऊन आली. थोरली ताहेरा नऊ वर्षांची, धाकटा कडेवर. तिच्यामागं आजूबाजूच्या खेड्यांतली आणखी वीस-पंचवीस मुसलमान माणसं आली, बहुतेक बाया आणि म्हातारे. पाशामियाँ त्यांना फाटकापर्यंत घेऊन आला आणि मागं वळला.

“कुठं निघालास, पाशा?” धुरपदाबाईनं विचारलं.

“अम्मा ऱ्हायली, अक्का. तिला चालता येत न्हाय. पाठंगुळी घेऊन येतो.”

“जाऊ नकोस.”

“अम्मा हाय, अक्का.” एवढंच म्हणून तो ओढ्याच्या वाटेनं निघाला.

दुपारी जमाव आला. काठ्या, कुऱ्हाडी, दोघांच्या हातात भाले. बरेचसे बाहेरगावचे होते. पण त्यांतले दोघे मला चांगले ठाऊक होते. लहानपणी ते माझ्यावर बसून गाभुळलेल्या चिंचा खात असत. धुरपदाबाई फाटकात आली आणि सरळ माझ्यावर बसली. तिच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली होती. ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल, मला कळत होतं.

“बाई, बाजूला हो. आत कोण हाय?” एकानं विचारलं.

“मूठ खाणारी माणसं हायती,” ती म्हणाली. “मागल्या म्हैन्यात शरणबसप्पाची पोरं खात हुती. आता अजीजाबीची खात्यात. कणगी तीच हाय.” मग तिनं त्या दोघांतल्या एकाकडं बघितलं. “तुजी आई दर आयतवारी मूठ आणून टाकती. तिची बी हाय त्यात. जा, तिला इचारून ये, आत जाऊ का म्हून.”

तो मागं सरला. पण बाकीचे पुढं झाले. तेवढ्यात वीरप्पा आपल्या ओट्यावरून उतरून आले. पांढरंशुभ्र धोतर, पायात काही नाही. ते धुरपदाबाईच्या शेजारी खाली मातीत बसले.

“माझ्या भावाचं घर जळालं,” ते म्हणाले. “तुमचं कुणाचं जळालं? त्याची पोरं ह्या देवळात जगली. आत जायचं तर मला तुडवून जा.”

शेवटी एक जण थुंकला, आणि जमाव परतला. ओढ्याच्या वाटेनं गेला.

पाशामियाँ त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी शांतवन मास्तर आणि वीरप्पा शोधायला गेले. ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीत तो सापडला. ती विहीर त्यानंच आपल्या चुन्यानं बांधली होती. त्याची आई घरात बाजेवर होती. उपाशी, पण जिवंत. तिला त्यांनी गाडीतून आणलं. तिला कुणी खरं सांगितलं नाही. ती महिनाभर विचारत राहिली, आणि एका दिवशी विचारायची थांबली.

कुणी केलं, हे कधी कुणी बोललं नाही. पाशामियाँच्या गावच्या कबरस्तानात कबर खणायला त्याच्या नात्यातला एकही पुरुष उरला नव्हता. वीरप्पा, मास्तर आणि फादर सिल्वेरा यांनी ती खणली. आसऱ्याला आलेल्या एका म्हाताऱ्या तांबोळ्यानं नमाज पढला. परत आल्यावर धुरपदाबाई माझ्याशेजारी बसली, आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “म्या त्यास्नी दारातनं परतवलं. पर त्याच्या वाटंला लावलं.”

वीरप्पांनी, फादरांनी, खुद्द अजीजाबीनंही तिची किती समजूत घातली. तिनं कुणाचं ऐकलं नाही. आजही ऐकत नाही.

दिवाळीच्या सुमाराला पाचवी कणगी रिकामी झाली. साग आला नाही. अजीजाबी मुलांना घेऊन शाळेच्या पडवीत राहिली आणि लोकांच्या गोधड्या, कपडे शिवून पोट भरू लागली. फादरांनी पुन्हा पत्रं लिहिली. उत्तर आलं की उमरग्याला सिमेंटचं नवं देऊळ बांधायचा विचार आहे, जुन्यावर खर्च करू नये.

पुढच्या वर्षी, एकोणपन्नासच्या पावसाळ्यात, एका दुपारी छप्पर बसलं. आधी एक वासा तुटल्याचा आवाज आला, मग कौलं घसरली, मग भिंतींच्या माथ्यांवरच्या काही दगडांसकट सगळंच. सुदैवानं आत कुणी नव्हतं. धूळ खाली बसल्यावर लोक धावत आले. वेदीवर आभाळाचा उजेड पडला होता. तिन्ही कमानी मात्र जागच्या जागी उभ्या होत्या. शिवलेली भेगसुद्धा उघडली नव्हती. अजीजाबी आत गेली, त्या भेगेवर तळहात ठेवून उभी राहिली, आणि त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

कार्तिकात ती धुरपदाबाईकडं आली. “अक्का, भिंतींचे माथे उघडे पडले. असंच ठेवलं तर वरनं पाणी मुरून दोन पावसात भिंती जातील. खड्ड्यात त्यांचा चुना पडून हाय. वर्ष होऊन गेलं. आता लोण्यावानी झाला आसंल.”

“दळणार कोण? बैलं पेरणीला गेल्यात.”

“आपण.”

मित्रांनो, त्या आठवड्यात मला परत चरात उभं केलं, आणि बैलानं नाही, बायांनी फिरवलं. दांड्याच्या एका बाजूला धुरपदाबाई आणि इरम्मा, दुसऱ्या बाजूला अजीजाबी आणि जी बाई रिकामी होईल ती. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आया होत्या त्यात. मी जड आहे, मला माहीत आहे. माझ्या जडपणाची मला त्या आठवड्याइतकी लाज कधी वाटली नाही. हिरड्याचं पाणी किती घालायचं ते अजीजाबी सांगे. चुना बोटावर घेऊन ती उलटा धरी, जरा थांबे, जणू कुणीतरी शेजारून ‘हौ’ म्हणेल म्हणून. मग स्वतःच म्हणे, “लावा.”

शिडीवर चढून शांतवन मास्तरांनी आणि वीरप्पांच्या गड्यांनी भिंतींचे माथे त्या चुन्यानं उतरते बांधून घेतले. पाणी आता मुरत नाही, ओघळून जातं. खड्ड्यातला चुना बरोबर पुरला. मूठभरही शिल्लक राहिला नाही.

काम झालं, मी परत चिंचेखाली आलो, आणि त्याच्या चौथ्या दिवशी अजीजाबी निघाली. हैदराबादला तिचा भाऊ होता, तो न्यायला आला होता. म्हातारी सासू गाडीत गवतावर निजवली. धुरपदाबाईनं अजीजाबीच्या पदरात एक गाठोडं बांधलं.

“काय हाय, अक्का?”

“मूठ. ह्या आयतवारची.”

“छपराला ठेवा की.”

“छपराचं पुढल्या आयतवारपासनं,” धुरपदाबाई म्हणाली. आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी धुरपदाबाई फाटकात उभीच होती. शेवटी इरम्मानं तिला हाताला धरून घरी नेलं.

छप्पर अजून झालेलं नाही. आदितवारी मिस्सा आभाळाखाली होतो, आणि गाडगी येतात. मला आता कुणी फिरवेल असं वाटत नाही. अजीजाबी गेली, तशी तो चुना करणारं माणूस या भागात उरलं नाही. याचं दुःख मला माझ्यापुरतं आहे. तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच.

परवा तुमच्यातल्या दोघांनी पडलेल्या भागातले चार घडीव दगड गोठ्याच्या भिंतीला नेले. मोठ्यांनीच सांगितलं असेल. मित्रांनो, ते परत आणून ठेवा. ज्यांनी ते जोडले त्यांच्यापैकी फारच थोडी माणसं आता जिवंत आहेत, आणि तुम्ही नेलेल्या दगडाला पुन्हा तसा जोड देणारं कुणी नाही. आपलं म्हणून जे उभं आहे, ते कुणाकुणाच्या हातांनी उभं राहिलं, हे एकदा घरी विचारा. दारावरच्या पाटीवर ते लिहिलेलं नाही.

आणि आणखी एक. ताहेरा तुमच्याबरोबर वर्षभर खेळली. ती गेल्यापासून तुमच्यातल्या एकानंही तिला पत्र टाकलेलं नाही. तिच्या मामाचा पत्ता शांतवन मास्तरांपाशी आहे. एक कार्ड लिहा. कमानी उभ्या आहेत, तेवढं कळवा. मराठीत लिहिलं तरी चालेल, तिला वाचता येतं. तुम्ही घरी गेल्यावर ती इथं एकटीच बसून राहायची, आणि मास्तरांनी शिकवलेली अक्षरं माझ्या पाठीवर कोळशानं गिरवायची. शेवटच्या दिवशी तिनं तिच्या अब्बाचं नाव लिहिलं होतं. पावसानं ते गेलं. मला मात्र ते अजून पाठ आहे.